फवारणी पंपाची बॅटरी

आषाढ लागला कीं वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर रोवणीची धांदल सुरू होते. बांधींत पाणी भरतें, पऱ्हे उपटले जातात, आणि धान जरा वर येतें न येतें तोंच तुडतुडे, खोडकिडा व करपा यांची काळजी शेतकऱ्याच्या मागें लागते. अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हीं गांवें घ्या, किंवा नदीपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शी घ्या. हा क्रम सर्वत्र सारखाच. वरोरा, राजुरा, कोरपना या कापूस-सोयाबीनच्या मुलखांत कीड निराळी, परंतु चिंता तीच. पूर्वी हातानें दांडा मारीत चालवावयाचा पंप शेतकऱ्याच्या पाठीवर असे. आतां त्याची जागा पुष्कळ घरीं बॅटरीवर चालणाऱ्या पंपानें घेतली आहे. बटन दाबलें कीं सोळा लिटरांची टांकी हात न दुखतां रिकामी होते.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय मासिकांत कशाला, असें तुम्हांस वाटेल. परंतु सायंकाळीं वडील शेतावरून आले कीं, “पंप चार्जिंगले लावजो गा,” असें ते कोणाला सांगतात? बहुधा तुम्हांलाच. तारा जोडणें, दिवा पाहणें, पंप कोपऱ्यांत ठेवणें हें काम मुलांकडे आलें आहे, आणि त्यांतील धोकाहि त्याबरोबर मुलांकडेच आला आहे. म्हणून ही माहिती तुमच्यासाठीं लिहीत आहों.

आरंभीं आमचीच एक चूक कबूल करतों. परसांतील भाजीच्या वाफ्यांसाठीं आम्ही असा एक पंप घेतला होता. दिवाळीनंतर काम संपलें, तेव्हां तो जसा होता तसाच माळ्यावर टाकला. बॅटरी उतरलेली होती, तिकडे लक्ष दिलें नाहीं. मृग नक्षत्रांत खालीं काढून रात्रभर चार्जरला लावला. सकाळीं हिरवा दिवा लागलेला पाहून समाधान वाटलें. पण पंप पांच मिनिटें चालला आणि थांबला. दुकानदारानें बॅटरी हातांत घेऊन इतकेंच म्हटलें, “गुरुजी, ही कामानें मेली नाहीं, उपाशी मेली.” एका नव्या बॅटरीचे पैसे म्हणजे मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी. ती आमच्या आळसापायीं गेली. दुकानदाराच्या त्या वाक्याचा अर्थ काय, हें समजण्यासाठीं बॅटरीच्या पोटांत काय असतें तें पाहूं.

बॅटरीच्या पोटांत

इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा यानें पहिली विद्युत्-रास रचली. तिच्यांतील द्रव्यें संपलीं कीं वीजहि संपे. पुनःपुन्हा भरतां येईल अशी शिशाची बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें बनविली. आपल्या पुष्कळशा पंपांत आजहि तिचीच सुधारलेली व बंदिस्त केलेली आवृत्ति असते. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्यें पाण्यानें पातळ केलेलें गंधकाम्ल, अशी तिची रचना. एका कप्प्याचा दाब सुमारें २ व्होल्ट. असे सहा कप्पे ओळीनें जोडले कीं १२ व्होल्ट होतात.

अंगावर ‘१२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास’ असें लिहिलेलें असेल, तर त्याचा हिशेब असा. पंपाची मोटर २॥ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ८ ला २॥ नें भागून सुमारें तीन तास पंप चालेल. चार्जर १·७ अँपिअरचा असेल, तर ८ ला १·७ नें भागून पांच तासांच्या जवळपास उत्तर येतें. कांहीं शक्ति वाटेंत वायां जाते, म्हणून सहा-सात तास धरावे. आणि बॅटरींत मावणारी एकूण शक्ति १२ गुणिले ८, म्हणजे ९६ वॅट-तास. एका युनिटाचा जेमतेम दहावा हिस्सा. चंद्रपूरच्या भूमींतील कोळसा जाळून निघालेली वीज या डब्यांत एवढीशीच सांठते. पण एका दिवसाच्या फवारणीस ती पुरते.

वीज बाहेर पडत असतां दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या गंधकिताचा थर चढतो व आम्ल पातळ होत जातें. बॅटरी पुन्हा भरली कीं हा थर विरघळतो. परंतु रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर साखरेच्या पाकांत खडे जमावे तसे त्या थराचे कठीण स्फटिक बनतात, व मग कितीहि चार्ज केलें तरी ते विरघळत नाहींत. हीच ती उपासमार. चार्जरला बॅटरी भरल्यासारखी भासते, म्हणून दिवा हिरवा होतो. पण पोटांत जागाच उरलेली नसते.

यावरून पहिला नियम निघतो. शिशाची बॅटरी काम संपल्यावर त्याच दिवशीं भरावी, आणि भरूनच ठेवावी. फवारा मंद पडूं लागला कीं टांकी रिकामी करण्याच्या हट्टानें ती शेवटच्या थेंबापर्यंत पिळूं नये. न वापरतांहि तिची वीज हळूहळू झिरपत असते, आणि उष्णतेनें हें झिरपणें वाढतें. म्हणून दिवाळीपासून मृगापर्यंत दर दोन महिन्यांनीं एकदां तिला चार्जर लावावा.

चार्जिंगची जागा व वेळ

बॅटरी भरत आली कीं आंतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायु निघूं लागतात. बंदिस्त बॅटरींत ते बहुतांशीं परत पाण्यांत मिळतात. पण चार्जर चुकीचा असेल किंवा चार्जिंग मर्यादेबाहेर चालूं राहिलें, तर झडपेवाटे ते बाहेर पडतात. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. हा वायु दिसत नाहीं व त्याला वासहि नाहीं. म्हणून चुलीजवळ, देवघरांतील दिव्याजवळ, तणशीच्या ढिगाशेजारीं किंवा दार लावलेल्या कोठींत पंप चार्जिंगला लावूं नये. वारा खेळता असलेली, सांवलीची पडवी उत्तम. खालीं फरशी किंवा माती असावी; सतरंजी, पोतें किंवा अंथरूण नसावें.

तारा जोडतांनाहि क्रम आहे. पंपाचें बटन बंद करावें, हात कोरडे करावे, प्रथम चार्जरची पिन पंपांत बसवावी व मग भिंतीवरील बटन सुरू करावें. काढतांना याच्या उलट. घरांतील सर्व निजल्यावर रात्रभर चार्जिंग चालूं ठेवण्याची चाल चांगली नाहीं. सायंकाळीं लावावें व निजण्यापूर्वीं काढावें. उरलें असेल तर सकाळीं पूर्ण करावें. बॅटरी हातास कढत लागली, फुगली किंवा उग्र वास आला, तर ताबडतोब भिंतीवरील बटन बंद करून वडीलधाऱ्यांस सांगावें.

चार्जर ज्या पंपाचा त्याच पंपास लावावा. पिन बसते म्हणून चार्जर जुळतो असें नव्हे. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर या लहानग्या बॅटरीस लावणें म्हणजे घागरीखालीं धरावयाचा पेला धबधब्याखालीं धरणें. सौर पट्टीचेंहि तसेंच आहे. १२ व्होल्टची म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीचा दाब कडक उन्हांत २० व्होल्टच्या आसपास जातो. ती सरळ जोडूं नये. मध्यें नियंत्रक असलाच पाहिजे.

लिथियमची बॅटरी

नव्या कांहीं पंपांत व गवत कापण्याच्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती हलकी असते व तिच्या अंगावर तसें लिहिलेलें असतें. जपानांत १९९१ सालीं ती प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचा स्वभाव शिशाच्या बॅटरीहून पुष्कळच भिन्न आहे. दीर्घकाळ ठेवावयाची असेल तर ती पूर्ण भरूनहि ठेवूं नये व रिकामीहि ठेवूं नये. निम्मी भरलेली ठेवावी. शिशाच्या बॅटरीचा चार्जर हिला कदापि लावूं नये. तीन कप्प्यांच्या लिथियम बॅटरीस १२·६ व्होल्टपर्यंतच भरावयाचें असतें, आणि शिशाचा चार्जर १४ व्होल्टच्या पुढें जातो. मर्यादा ओलांडली कीं आंतील उष्णता आपणच वाढत जाते व बॅटरी पेट घेते.

आपल्या जिल्ह्यांस याचें विशेष महत्त्व आहे. अशा बॅटऱ्यांस चार्ज करण्याची मर्यादा सामान्यतः ४५ अंश सेल्सिअसची असते. आणि चंद्रपूरचा पारा वैशाखांत ४६-४७ अंशांच्या घरांत जातो. पत्र्याखालीं तर उष्णता याहूनहि अधिक. म्हणून मोहफुलांच्या व तेंदूपानाच्या हंगामांत दुपारीं चार्जिंग करूंच नये. पहांटेची वेळ धरावी. पत्र्याच्या खोलींतील माळ्यापेक्षां कवेलूच्या घराचा थंड कोपरा बरा. शिशाच्या बॅटरीचें आयुष्यहि दर दहा अंश उष्णतेमागें सुमारें निम्म्यानें घटतें, हेंहि लक्षांत असावें.

स्वच्छता व विष

पंपाच्या तळाशीं बॅटरी आणि वर टांकींत कीटकनाशक, अशी रचना असल्यामुळें दोन धोके शेजारीं नांदतात. २०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावरील फवारणीच्या विषबाधेनें वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. वापरून आलेला पंप वडीलधाऱ्यांनीं हातमोजे घालून धुवावा. तो धुऊन पुसल्याशिवाय मुलांनीं चार्जिंगलाहि हात लावूं नये, आणि नंतर साबणानें हात धुतल्याशिवाय जेवावयास बसूं नये. टांकी धुतांना बॅटरीच्या कप्प्यावर पाण्याची धार सोडूं नये. तो भाग ओल्या फडक्यानें व मग कोरड्या फडक्यानें पुसावा.

शिशाच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली, तर मोठ्या माणसानें तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत भिजवून पिळलेल्या फडक्यानें ती पुसावी, कोरडी करावी व व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. १२ व्होल्टनें झटका बसत नाहीं, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी समजूं नका. दोन्ही टोकांना एकाच वेळीं पाना, तार किंवा विळा टेकला तर प्रचंड प्रवाह वाहून धातु लाल होतो व हात भाजतो. गेलेल्या फ्यूजच्या जागीं साधी तार बांधणें हेंहि असेंच संकटास आमंत्रण आहे.

अपघात झाल्यास

आम्ल अंगावर उडालें तर त्या जागीं निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाणी ओतावें. डोळ्यांत गेलें तर पापण्या उघड्या धरून तसेंच पाणी सोडावें, आणि विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें. डोळ्यांत सोडा, दूध किंवा पाला घालूं नये. पंपानें पेट घेतला तर प्रथम घराचा मुख्य खटका बंद करावा, मुलांनीं बाहेर पडावें व मोठ्यांस हांक मारावी. धूर विषारी असतो. तो हुंगीत उभें राहूं नये.

जुनी बॅटरी

निकामी बॅटरी फोडून शिसें काढावें, तें वितळवून मासे धरण्याच्या जाळ्यास भार करावा, असा मोह कोणास होतो. तो सर्वथा टाळावा. शिशाची धूळ व वाफ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि तो अपाय मागाहून भरून निघत नाहीं. सांडलेलें आम्ल विहिरीच्या पाण्यापर्यंत पोंचतें. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणें ही उत्पादकांची जबाबदारी आहे. नवी घेतांना जुनी दुकानदाराकडे द्यावी. बहुधा कांहीं पैसेहि परत मिळतात.

असो. लेख लांबला. आमची शेवटची विनंती एवढीच कीं, आज घरीं गेल्यावर पंप कोठें ठेवला आहे तो पहा. बॅटरी शिशाची कीं लिथियमची, चार्जर तिचाच कीं दुसऱ्याचा, जवळ चूल किंवा तणस आहे काय, हें तपासा. मग हा लेख आईवडिलांस मोठ्यानें वाचून दाखवा. ज्यांना शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं त्यांनीं घाम गाळून तो पंप विकत घेतला आहे. त्याच्यावर काय लिहिलें आहे तें वाचून सांगणें हें तुमचें काम आहे. आणि कार्तिकांत पंप माळ्यावर चढेल तेव्हां त्याची बॅटरी उपाशी निजवूं नका.