सहा कॉम्प्युटर एकाच सकाळी कसे बिघडतील?

दहावीचा निकाल लागला की पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: "पोरगं नेटवर्किंग करायचं म्हणतंय. म्हणजे जन्मभर वायरी ओढत फिरणार का?" त्यांची काळजी खोटी नाही. सुरुवातीला शिडीवर चढावं लागतं, फॉल्स सीलिंगमध्ये हात घालावा लागतो, पगारही बेताचा असतो. पण या कामाचा खरा कस कुठे लागतो, ते मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलंय.

त्या सकाळी तिथल्या सहा कॉम्प्युटरांचं नेट गेलं होतं. एकावर विंडोज पुन्हा टाकायची तयारीसुद्धा सुरू झाली होती. आयटीआय करून नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी तिथे होती. तिने कोरा कागद मागितला. भिंतीवरच्या मुख्य स्विचपासून, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात त्या डब्यापासून, सुरुवात करून ती एकेक केबल बोटाने धरत गेली. कुठली कुठे जाते, मध्ये काय लागतं, सगळं कागदावर उतरवलं. अर्धा तास गेला, आजूबाजूचे वैतागले. पण नकाशा पुरा झाला तेव्हा दिसलं, की बंद पडलेले सहाही कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या एकाच आठ पोर्टांच्या छोट्या स्विचला जोडलेले आहेत. सहा यंत्रं एकाच सकाळी आपापल्या कारणाने आजारी पडत नाहीत. सहा वाटा जिथे एकत्र येतात तिथे, नाहीतर तिथून पुढे, काहीतरी तुटलेलं असतं.

मग तिने कॉम्प्युटरांचे आयपी पत्ते पाहिले. सगळे १६९.२५४ ने सुरू होणारे. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही, की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. म्हणजे विंडोजचा काही गुन्हा नव्हता. उरल्या तीनच गोष्टी: छोटा स्विच, त्याच्यापासून मुख्य स्विचपर्यंतची केबल आणि मुख्य स्विचचं पोर्ट. केबलला टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. तीच केबल मुख्य स्विचच्या शेजारच्या पोर्टात खोचली आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. पोर्ट मेलं होतं. तिने त्यावर चिकटपट्टी लावली आणि नकाशावर तारीख घालून नोंद केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही तिची शिस्त मला फार मोलाची वाटली. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर नेट आलं असतं, पण दोष कशात होता ते कळलं नसतं.

नकाशा असला की बारीक दुखणीही सापडतात. तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे नेऊ नये, हे कागदावर लांबी लिहिली की लगेच ध्यानात येतं. एखाद्या जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिटवरच अडकला, तर केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटल्याचा संशय घ्यावा, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात. कुणी चुकून एका केबलची दोन्ही टोकं साध्या स्विचमध्ये खोचली, तर तेच संदेश गोल गोल फिरत सगळं नेटवर्क गुदमरवतात. यावर संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री नावाचा उपाय शोधला. तो मोठ्या स्विचमध्ये असतो. स्वस्तातल्या छोट्यात बहुधा नसतो.

शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा. पुढे सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा देता येते. तिला पदवीची अट नाही, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. तिच्या नावाने हजारो रुपये आगाऊ मागून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासपासून मात्र दूर राहा. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यावर आख्खं ऑफिस उभं करून पाडता येतं.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एक करून पाहा. मुलाला घरातल्या नेटचा नकाशा काढायला सांगा: फायबरचा डबा, राउटर, टीव्ही, आजोबांचा मोबाइल, सगळ्यांचे पत्ते. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिच्यात एक अनोळखी नाव निघालं आणि ते कुणाचं हे शोधल्याशिवाय पोरगं जेवायला उठलं नाही, तर बिनधास्त पाठवा. कंटाळून मोबाइल उघडला, तर त्यालाही दोष देऊ नका. दुसरं क्षेत्र शोधा.

आणि मुलांनो, हा सराव आपल्या घरात किंवा लेखी परवानगी असेल तिथेच. एनमॅपसारखी नेटवर्क चाचपणारी साधनं हाताशी आली की शेजारच्या वायफायवर डोकावायचा मोह होतो. परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.