वेबपेजचा जन्मदाखला

समजा आपल्या गोंदियातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने धानाचा हमीभाव सर्च केला. पेज उघडलं: साधारण धान, क्विंटलला २१८३ रुपये. वर तारीख आजची! पण हा भाव २०२३-२४ च्या हंगामाचा. पुढच्याच हंगामात तो २३०० झाला होता. मग पेज किती जुनं आहे हे कॉम्प्युटरला आपोआप का कळू नये? वाटतं तितकं ते सोपं नाही.

१) सर्व्हरची तारीख : एचटीटीपीमध्ये 'लास्ट-मॉडिफाइड' नावाचं हेडर असतं, पण सगळेच सर्व्हर ते पाठवतात असं नाही. शिवाय ते फाइल कधी बदलली एवढंच सांगतं, मजकूर कधी लिहिला ते नाही. पीएचपीसारख्या प्रोग्रॅममधून येणारं पेज तर आपण मागितलं त्या क्षणी तयार होतं.

२) पेजवरची तारीख : जावास्क्रिप्टची एक ओळ टाकली की ती रोज आपोआप बदलते. आणि ०३/०४/२०१० म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च!

३) जुन्या प्रती : इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपेजच्या प्रती साठवते. पहिली प्रत २००५ ची मिळाली, तर पेज तेव्हा होतं एवढंच सिद्ध होतं. त्याआधी किती वर्षं होतं, ते कळत नाही.

४) मजकुरातल्या खुणा : ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. ते टाइप केलेलं दिसलं, तर त्यानंतर कोणीतरी पेजला हात लावलाय हे नक्की. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून 'भंडारा जिल्ह्यातील गोंदिया' असं लिहिलेलं पेज १९९९ च्या आधीचंच, असं म्हणता येत नाही. जुनं पुस्तक कोणी कालच टाइप केलं असेल!

थोडक्यात, फाइलचं वय वेगळं आणि मजकुराचं वय वेगळं. प्रामाणिक प्रोग्रॅम एक तारीख ठोकून देणार नाही, तो 'याच्यानंतर आणि त्याच्याआधी' अशा दोन मर्यादा देईल.

तेव्हा भाव, स्कॉलरशिप, परीक्षेचे नियम बघताना वरची तारीख सोडा, मजकुरात वर्ष आहे का ते बघा. आणि डिपार्टमेंटच्या साइटवर नोटीस टाकाल, तेव्हा वर्षासकट तारीख स्वतः टाइप करा. नंतर ती शोधून काढणं मशीनलाही जड जातं.