बंदुकीचा धक्का कसा मोजावा?

धारवाडहून हल्याळच्या किंवा हुबळीहून कलघटगीच्या वाटेला लागले, की काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि तांबड्या मातीतील भातशेती व तिच्या कडेचे रान सुरू होते. त्या भागात पिकांत रानडुकरे शिरतात. ती हुसकून लावण्यासाठी काही शेतकऱ्यांपाशी परवान्याची, छऱ्यांची बंदूक असते. ज्याने ती उडविली आहे, तो आवाजाआधी खांद्याचीच गोष्ट सांगतो. बार पुढे जातो आणि दस्ता मागे येऊन खांद्यावर आदळतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा तिसरा नियम आपण नववीत पाठ करतो आणि उदाहरण म्हणून हीच बंदूक उत्तरपत्रिकेत लिहितो. परंतु हा धक्का केवढा, असे कोणी विचारले, तर आपले उत्तर ‘मोठा’ या शब्दापलीकडे जात नाही. विज्ञान-प्रदर्शनासाठी आम्ही हाच प्रश्न निवडला. त्याची मांडणी पुढे देत आहोत.

खरी बंदूक शाळेत आणण्याचा विचार आरंभीच बाजूला सारला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक व काडतुसे परवान्यावाचून बाळगता येत नाहीत, आणि परवाना घरातील वडीलधाऱ्यांचा असला तरी तो मुलांच्या प्रयोगासाठी दिलेला नसतो. घरच्या घरी दारू कुटण्याचा मोह तर याहून घातक; त्यात बोटे आणि डोळे गेल्याच्या गोष्टी कुणाला ठाऊक नाहीत? सुदैवाने येथे दारूची गरजच नाही. एका वस्तूने दुसरीला ढकलून दूर सारले, की तेथे हा नियम हजर असतो. ढकलणारी शक्ती दारूची असो वा स्प्रिंगची, त्याला त्याचे सोयरसुतक नाही.

मोजायचे काय, हे ठरविणे यंत्र बनविण्याहून अवघड आहे, आणि आमच्या मते या प्रयोगाचा खरा कस येथेच लागतो. बहुतेकांना प्रथम वजनकाटा सुचतो: दस्त्यामागे काटा धरावा, बार उडवावा, आकडा वाचावा. हा मार्ग फसवा आहे. नळीतून छरे बाहेर पडण्यास एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागेल इतकाच वेळ लागतो. तेवढ्यात साध्या काट्याची सुई जागची हलत नाही, आणि हलली तरी तिने दाखविलेला आकडा बंदुकीइतकाच काट्याच्या स्प्रिंगचाही असतो. काटा बदलला की उत्तर बदलते. शिवाय धक्क्याचा ‘जोर’ म्हणून एकच आकडा नसतोच. तोच धक्का अल्पकाळात थोपविला तर जोर मोठा, सावकाश थोपविला तर लहान. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे ओढणाऱ्या मुलाला हे अंगवळणी पडलेले असते.

न बदलणारी राशी आहे ती संवेगाची, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराची. पुढे जाणाऱ्या वस्तूंना जितका संवेग मिळाला तितकाच बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो. तेव्हा बंदूक मोकळी टांगावी, तिला मागे जाऊ द्यावे, आणि ती किती वेगाने निघाली ते पाहावे. ही युक्ती जुनी आहे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने तोफविद्येवरील आपल्या १७४२ च्या ग्रंथात लंबकासारख्या टांगलेल्या ठोकळ्यावर गोळी मारून तिचा वेग काढण्याची रीत सांगितली. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आपल्या देशी आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.) पुढे बेंजामिन थॉम्प्सन, जो काउंट रमफर्ड म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने १७८१ च्या आपल्या प्रयोगांत बंदुकीची नळीच टांगली आणि तिच्या मागे हटण्यावरून हिशेब केला. आम्ही रमफर्डच्या वाटेने जातो; बंदूक मात्र लाकडाची.

एका लाकडी ठोकळ्यात आडवी नळी बसवावी. नळीचा आतील व्यास पोलादी गोळीहून जेमतेम मोठा असावा. बेअरिंगच्या दुकानात मिळणारी २५ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे ६४ ग्रॅम भरते. ती या कामास उत्तम. नळीच्या मागच्या टोकाशी स्प्रिंग पक्की करावी आणि ती दाबून सुती दोऱ्याने बांधावी. गोळी तिच्यापुढे ठेवावी. स्प्रिंग सोडताना बोटाने खटका ओढू नये, कारण बोटाचा लहानसा ओढाही मापात शिरतो. दोऱ्याला जळती काडी लावावी. दोरा तुटतो आणि ठोकळ्याला कोणाचा स्पर्श होत नाही.

हा ठोकळा चार सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी, घरातील चार कड्यांच्या झोपाळ्याप्रमाणे, टांगावा. झोपाळ्याची फळी पुढेमागे जाताना तिरपी होत नाही, तसाच ठोकळाही आडवा राहतो. दोरे १ मीटर घ्यावेत. ठोकळ्याच्या मागे मोजपट्टी ठेवून तिच्यावर घडी घातलेला हलका कागद उभा करावा. ठोकळा मागे येतो, कागदाला सरकवितो आणि परत फिरतो. कागद मात्र शेवटच्या खुणेवर राहतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मंदगती चित्रण केल्यास ही खूण पडताळता येते, परंतु कागदाची साक्ष प्रेक्षकाला अधिक पटते, असे आम्हांस वाटते.

आता हिशेब. लहान झोक्यात ठोकळ्याचा आरंभीचा वेग म्हणजे तो जितका मागे गेला ते अंतर, गुणिले २π, भागिले एका पूर्ण आंदोलनाचा काळ. वीस आंदोलनांचा वेळ घेऊन विसाने भागावे. १ मीटरच्या दोऱ्याला एका आंदोलनास २ सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. समजा, गोळी सोडून ठोकळ्याचे सर्व साहित्यासह वजन ९६० ग्रॅम आहे आणि कागद ६.४ सेंटिमीटर सरकला. तर वेग सेकंदाला २० सेंटिमीटर आणि संवेग ०.१९२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद.

एवढ्यावर थांबलो तर आपण नियम गृहीत धरला, तपासला नाही. म्हणून त्याच बाराचा दुसरा साक्षीदार हवा, आणि तो म्हणजे गोळी. तिच्या वाटेत वाळूचे पसरट घमेले ठेवावे. नळी वाळूच्या पृष्ठभागापासून ८० सेंटिमीटर उंच असेल, तर गोळीला खाली येण्यास ०.४ सेकंद लागतो, मग ती कितीही वेगाने निघालेली असो. नळीच्या तोंडाखाली ओळंबा सोडून तेथपासून वाळूतील खळग्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते १.२१ मीटर भरले, तर गोळीचा वेग सेकंदाला ३ मीटर आणि संवेग ०.०६४ गुणिले ३, म्हणजे पुन्हा ०.१९२. प्रत्यक्षात दोन्ही आकडे इतके तंतोतंत जुळणार नाहीत. दहा वेळा प्रयोग करावा आणि दहाही जोड्या तक्त्यावर लिहाव्यात, न जुळणाऱ्यासुद्धा. घमेल्यामागे फळी उभी करावी आणि त्या बाजूस कोणालाही उभे राहू देऊ नये.

मग ठोकळ्यावर वजने ठेवून तो दुप्पट जड करावा. झोका जवळजवळ निम्मा होतो. जड बंदुकीचा धक्का सौम्य का वाटतो, हे येथे डोळ्यांना दिसते.

खऱ्या बंदुकीचा हिशेब कागदावर करण्यास परवाना लागत नाही. बारा बोअरची बंदूक आपल्याकडे सर्वांत परिचित. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास येतो तो तिच्या नळीचा, म्हणून हे नाव. तिच्या नेहमीच्या काडतुसात ३२ ग्रॅम छरे धरू, त्यांचा वेग सेकंदाला ३७० मीटर आणि बंदुकीचे वजन ३.२ किलोग्रॅम. छऱ्यांचा संवेग सुमारे ११.८ येतो आणि बंदुकीचा मागचा वेग सेकंदाला ३.७ मीटर. ही बंदूक ७० सेंटिमीटर उंचीवरून खाली सोडली तर जमिनीशी तिचा वेग एवढाच असेल. म्हणजे प्रत्येक बारास ती जणू तेवढ्या उंचीवरून खांद्यावर पडते! खरा वेग याहून अधिक असतो, कारण छऱ्यांबरोबर त्यांच्यामागचे बूच आणि जळलेल्या दारूचा वायूही नळीतून पुढे धावतो. आमच्या स्प्रिंगच्या बंदुकीत स्प्रिंग जागीच राहते, वायू नसतो; म्हणूनच तिचा हिशेब दोन वस्तूंत मिटतो.

खांद्याला किती लागेल, हे मात्र उडविणाऱ्याच्या हाती पुष्कळ असते. ११.८ हा संवेग एका सेकंदाच्या विसाव्या भागात थोपविला तर सरासरी जोर सुमारे २४ किलोच्या भाराइतका. शंभराव्या भागात थोपविला तर १२० किलोइतका. दस्ता खांद्याशी घट्ट धरला, तर बंदुकीबरोबर शरीरही मागे जाते आणि वेळ लांबतो. मध्ये बोटभर फट राहिली की बंदूक आधी पूर्ण वेग घेते आणि मग हाडावर आपटते. दस्त्याला रबराची गादी लावतात ती हाच वेळ वाढविण्यासाठी.

विजापूरच्या सहलीत मुलुख-ए-मैदान तोफ पाहिलेल्यांनी आणखी एक हिशेब करून पाहावा. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली आणि १६३२ मध्ये परांड्याहून विजापुरास आणलेली ही तोफ सुमारे ५५ टन वजनाची असून तिच्या तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. दगडी गोळा ४०० किलोचा आणि त्याचा वेग सेकंदाला २०० मीटर असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर तोफ मागे सरेल सेकंदाला दीड मीटरहून थोड्या कमी वेगाने. खांद्यावरच्या बंदुकीहून हा वेग कमी आहे, पण तो ५५ टनांचा आहे. बत्ती देताच गोलंदाज आवाजापासून बचावासाठी शेजारच्या पाण्यात बुडी घेई, असे तेथे सांगतात. आपला गोलंदाज तोफेच्या मागे उभा नव्हता, एवढे मात्र या हिशेबावरून आम्ही धरून चालतो.