पूर घरात येण्याआधी रस्त्यावर येतो

पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पुराची भाषा शिकवायला नको. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे शाळकरी पोरंही सांगतात. २०२१ च्या जुलैत हेच पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं. तरीही दर वेळी आपण एक गोष्ट उशिरा लक्षात घेतो: घरात पाणी शिरायच्या बरंच आधी गावाचा रस्ता बंद होतो. आधी कोल्हापुरी बंधारे बुडतात, मग ओढ्यावरचे मोरी-पूल, मग पाणंद. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला. रस्ता तुटला की दुधाची गाडी येत नाही, पशुखाद्य येत नाही, डॉक्टरही पोहोचत नाही.

म्हणून तयारीचा दिवस धोका पातळीवरून ठरवू नका. आपल्या गावचा रस्ता किती फुटांना बंद होतो ते जुन्या माणसांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि त्याच्या आदल्या दिवशी जनावरं हलवा. सोबत आठवडाभराची वैरण, पेंड आणि घरातल्यांची औषधं घ्या. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचलेली हवी. नदीकाठच्या मोटारी आणि स्टार्टर पाणी पात्राबाहेर पडायच्या आत वर काढा. वाढत्या पाण्यात मोटारीसाठी कुणी उतरू नये. वाहत्या पाण्यातून ट्रॅक्टर घालण्याचं धाडसही नको, कारण पाण्याखाली मोरी जागेवर आहे की वाहून गेली, हे दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर खरी घाई चर काढण्याची. शेतात साचलेलं पाणी जितकं लवकर निघेल तितकी मुळं वाचतात. उसाचं मात्र नुसतं बघून ठरवू नका. पानं गाळाने माखलेली असली तरी शेंडा पाण्यावर राहिला असेल तर पीक सावरतं. वाफसा आल्यावर खताचा हप्ता द्या. शंका असेल तिथे चार-पाच ऊस उभे चिरून कोंब पाहा. कोंब कुजून वास येत असेल तर तो ऊस आता वाढणार नाही, डोळ्यांतून पांगशा फुटतील आणि साखरेचा उतारा घटेल. असा ऊस गाळपाला आधी जायला हवा. त्यासाठी कारखान्याच्या शेती विभागाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अशा वेळी कारखान्यांनी पूरबाधित उसाला तोडीत अग्रक्रम द्यायला हवा. लहान आडसालीत नांग्या भरण्यासाठी रोपांची सोय गावाने मिळून आधीच केलेली बरी.

सोयाबीन पिवळं पडलं असेल तर वाफशानंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा. बरेच दिवस पूर्ण बुडालेल्या सोयाबीनवर मात्र खर्च करू नका. हळदीत कंदकूज दिसली तर कृषी सहायकाला दाखवूनच आळवणी करा.

गाळ लागलेली वैरण जनावरांना घालू नका. भिजलेली मोटार वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. पायाला जखम असताना चिखलात उतरावं लागलं आणि नंतर ताप आला, तर अंगावर काढू नका, लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करून घ्या.

शेत साफ करण्याआधी नुकसानीचे फोटो काढा आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा स्वतः बांधावर हजर राहा.