‘लागलं नाही ना?’ याला उत्तर देऊ नका

हात धुणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत तर जास्तच, कारण संडास सामाईक. माझा भाचा दहा वर्षांचा असताना कोपरापर्यंत साबण चोळायचा आणि शेजारच्या काकू आपल्या मुलाला म्हणायच्या, “बघ, शिक जरा!” पुढे त्याच्या बोटांना भेगा पडल्या, पिंपातलं पाणी दुपारीच संपायला लागलं, तेव्हा त्याच काकू भांडायला आल्या.

“मावशी, कडीला हात लागला नाही ना माझा?” “नाही रे राजा,” म्हटलं की चेहरा सैल व्हायचा. जरा वेळाने पुन्हा तेच. १६० चौरस फुटांच्या खोलीत असा आजार एकट्याचा राहत नाही. ताई त्याच्यासाठी कडी उघडून उभी राहायची, भावोजी दारातच पाय धुऊन आत यायचे, आजी त्याचे कपडे वेगळे वाळत घालायची. सगळं मायेपोटी. पण ओसीडीत, म्हणजे नको ती भीती आणि ती शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या या आजारात, असा धीर देणं हे हात धुण्याचंच दुसरं रूप असतं. तेवढ्यापुरती भीती ओसरते आणि मेंदू शिकतो, की खात्री मिळाल्याशिवाय सुटका नाही.

मध्ये कुणी अंगारा आणला. त्यात पावसाळा गेला.

परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, नायगावहून चालत जाण्याजोगी. मुलांच्या ओसीडीवर पहिला उपाय म्हणजे विशिष्ट वर्तनोपचार. मूल आणि समुपदेशक मिळून भीतीची चढती यादी करतात. सोप्यापासून सुरुवात: कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, थांबते, आपोआप उतरते. हे मुलाने स्वतः अनुभवायचं. त्रास जास्त असेल तर डॉक्टर सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारखी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मूल फार अस्वस्थ झालं किंवा मरणाचं बोलू लागलं तर लगेच कळवावं, परस्पर गोळ्या थांबवू नयेत.

घरच्यांनी नळ एकदम बंद करू नये, मारू तर नयेच. कुठलं उत्तर कधीपासून द्यायचं नाही हे मुलाला आधी सांगून ठरवावं. मग, “हा प्रश्न ओसीडी विचारतोय, तू घाबरलायस हे कळतंय मला,” एवढंच म्हणावं. हे फार जड जातं, आजीला सगळ्यात जास्त.

आणि फक्त हात धुण्याकडे पाहू नका. वही खोडून खोडून फाटते, देवापुढे क्षमा मागणं संपत नाही, “आईला काही होईल” म्हणून मनातल्या मनात मोजणं चालतं. ही मुलं कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. दिवसातला तासभर यात जात असेल, शाळा-खेळ सुटत असेल, तर थांबू नका. घसा दुखून गेल्यावर अचानक एक-दोन दिवसांत असं सुरू झालं तर बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.