आधी थांबायला शिक

पोरी, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर तुला काम लागलं, दारात स्कूटीही आली. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुझं रोजचं जाणं-येणं. यंत्रमागाच्या पाळ्या करत माझी हयात याच रस्त्यावर गेली, म्हणून चार गोष्टी वेळीच सांगतो. नीट ध्यानात ठेव.

लर्निंग लायसन आलं की गाडीला पुढं-मागं लाल ‘एल’ लाव. ते सहा महिने चालतं, आणि 30 दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर मैत्रिणीला मागं घ्यायचं नाही. मागं बसलाच तर पक्कं लायसन असलेला शिकवणारा. परीक्षेविना लायसन काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. ज्यानं परीक्षा चुकवली, त्याची परीक्षा रस्ता घेतो.

धाकट्या भावाच्या हाती चावी देऊ नकोस. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुझी 110 ची आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोराच्या हाती गाडी सापडली, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पोरालाही पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

सगळे गाडी पळवायला शिकतात, तू आधी थांबायला शिक. सुट्टीच्या सकाळी मोकळ्या गल्लीत रस्त्याकडेला एक वीट ठेव आणि तिच्या रेषेत गाडी उभी करायचा सराव कर. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबत न्यायचे. ताशी 40 च्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल मिळून रस्ता निसरडा होतो, तेव्हा अंतर दुप्पट ठेव.

पाळी सुटल्यावर लगेच गाडीला किक मारू नकोस. शेजारच्या मागांचा खडखडाट कानात घुमत राहतो, मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही. पाणी पी, जरा थांब, मग निघ. वाटेत आरशावर कानापेक्षा जास्त भरवसा ठेव. रात्रपाळीनंतर डोळा लागत असेल, तर सरळ रिक्षानं ये.

कारखान्याच्या गेटात वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. उसाच्या हंगामात अंधारात ट्रॉलीच्या मागोमाग जाऊ नकोस. कित्येकींना मागं दिवा नसतो. ओढणी आवळून बांध, मागं बसणारीच्या पदराकडंही बघ. टॉवेलचा गठ्ठा पायापाशी ठेवून हँडल अडवू नकोस.

हेल्मेट आयएसआय छापाचं घे आणि पट्टा हनुवटीखाली लाव. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं, मागं बसणाऱ्यालाही.

कुणी पडलेलं दिसलं तर 108 ला फोन कर. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरायचं कारण नाही.

उशीर झाला तर मुकादमाला फोन करून सांग, पण गाडी दामटू नकोस. या सुट्टीलाच वीट ठेवून सराव सुरू कर, आणि भावाला अठरा पूर्ण झाले की त्यालाही असंच शिकव.