खेळाडूचा खांदा

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे तिरंदाजीत जगज्जेती झाली. तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. अंतिम लढतीत तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. आदल्याच वर्षी सांगलीचा संकेत सरगर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात आघाडीवर होता. १३९ किलो वजन उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. सुवर्णपदक एका किलोने हुकले आणि रौप्यपदक मिळाले.

धनुष्य ओढणे असो की वजन पेलणे, सारा भार हातांवर येतो. या हाताचे मूळ म्हणजे खांदा.

खांदा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचे गोल टोक एका उथळ खोबणीत फिरते. मांडीचा सांधाही असाच असतो. पण त्याची खोबण खोल असते. म्हणून तो कमी फिरतो आणि सहसा निखळत नाही. खांदा मात्र चहूकडे फिरतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्नायू आणि अस्थिबंध. खांदा ताठर असेल, तर चेंडू फेकताना इतर सांध्यांवर ताण येतो. तो फार सैल असेल, तर निखळण्याची भीती असते. म्हणून लवचीकपणाला बळाची जोड हवी.

तुमच्या वयात हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चा असते. तेथूनच हाडे वाढतात. विश्रांती न घेता रोज शेकडो वेळा चेंडू फेकला, तर या कूर्चेला इजा होऊ शकते.

मुलांनो, एक हात खांद्यावरून पाठीमागे न्या. दुसरा हात कमरेकडून वर आणा. बोटांमधले अंतर पाहा. मग हात बदला. जोर लावून बोटे जुळवू नका. दोन्ही बाजूंत थोडा फरक असतोच. तो फार असेल किंवा दुखत असेल, तर क्रीडाशिक्षकांना सांगा.

आपल्याकडच्या तालमींत पैलवान जोर-बैठका काढून अंग गरम करतात आणि मगच कुस्तीला उतरतात. तुम्हीही खेळण्यापूर्वी अंग गरम करा.

संघातून वगळतील या भीतीने कित्येक मुले दुखणे लपवतात. एक सामना हुकला, तर पुढचा खेळता येतो. दुखरा खांदा तसाच वापरला, तर सारा हंगाम जातो. दुखणे वेळीच सांगणे हाही खेळाडूचा गुण आहे.

स्वाध्याय
१. खांद्याच्या आणि मांडीच्या सांध्यात कोणता फरक आहे?
२. दुखणे लपवणाऱ्या मित्राला तुम्ही काय सांगाल?